पूर्वांचलातील विद्यापीठांची खेळाडूंसाठी रस्सीखेच

वाराणसी : खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धांच्या तिसऱ्या पर्वाचा समारोप ३ जून २०२३ रोजी वाराणसीत झाला. उत्तर प्रदेशाने यजमानपद भूषवलेल्या या स्पर्धांत दोनशेहून अधिक विद्यापीठांचे सुमारे ४,७५० खेळाडू २१ क्रीडा प्रकारांत उतरले होते. कुस्ती व योगासनांचे सामने वाराणसीत बनारस हिंदू विद्यापीठाच्या परिसरात झाले. सांघिक विजेतेपद मात्र चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाने पटकावले. अमृतसरचे गुरू नानक देव विद्यापीठ दुसरे, तर बंगळुरूचे जैन विद्यापीठ तिसरे आले. यजमान राज्याचे एकही विद्यापीठ पहिल्या तिघांत नव्हते.

२०११ च्या जनगणनेनुसार उत्तर प्रदेशाची लोकसंख्या जवळपास २० कोटी, तर पंजाबची पावणेतीन कोटींच्या आसपास होती. असे असताना विद्यापीठीय क्रीडाक्षेत्रात पंजाबचा वरचष्मा का राहतो आणि वाराणसीसारख्या खेळाडूंची परंपरा असलेल्या शहरातील विद्यापीठे मागे का पडतात, हा प्रश्न त्यानंतर वारंवार विचारला गेला. त्याचे उत्तर केवळ निधी किंवा मैदानांच्या अभावात सापडत नाही. तयार खेळाडूंची संख्या मर्यादित, त्यांना आपल्याकडे ओढू पाहणाऱ्या संस्था अनेक, आणि खेळाडू घडवणाऱ्याला श्रेय देण्याची व्यवस्था अपुरी, असे या प्रश्नाचे त्रिविध स्वरूप आहे.

परंपरा मोठी, वाट अरुंद

वाराणसीला मोठी क्रीडापरंपरा आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातील मोहम्मद शाहिद हे याच शहराचे. चेंडूवरील त्यांच्या विलक्षण ताब्याची आठवण हॉकीरसिक आजही काढतात. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये खेळलेले विवेक सिंह आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये खेळलेले राहुल सिंह हे दोघे बंधूही वाराणसीचेच. त्यांच्यानंतर दीर्घ खंड पडला. टोकियो व पॅरिस या दोन्ही ऑलिंपिक स्पर्धांत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात असलेल्या ललित उपाध्याय यांनी तो भरून काढला. वेटलिफ्टिंगमध्ये वाराणसीच्या पूनम यादव यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले.

या खेळाडूंची वाट प्रामुख्याने विद्यापीठाच्या बाहेरून गेली, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. ललित उपाध्याय यांची जडणघडण १९०९ साली स्थापन झालेल्या उदय प्रताप कॉलेजच्या मैदानावर, परमानंद मिश्र यांच्या मार्गदर्शनाखाली झाली. शेजारच्या गाझीपूर जिल्ह्यातील करमपूर या गावात तेजबहादूर सिंह यांच्या पुढाकाराने मेघबरन सिंह स्टेडियम उभे राहिले. पॅरिसमधील कांस्यपदक विजेत्या संघातील राजकुमार पाल आणि भारताच्या कनिष्ठ संघाचे कर्णधारपद भूषवलेले उत्तम सिंह हे तेथेच घडले. एखाद्या ध्येयवेड्या प्रशिक्षकाने किंवा गावातील एखाद्या कुटुंबाने पदरमोड करून उभे केलेले मैदान, हाच पूर्वांचलातील क्रीडाविकासाचा खरा पाया राहिला आहे.

राज्य शासनाची व्यवस्थाही विद्यापीठांपासून वेगळी आहे. लखनौचे गुरू गोविंदसिंग क्रीडा महाविद्यालय, गोरखपूरचे वीर बहादूर सिंह क्रीडा महाविद्यालय आणि सैफईचे मेजर ध्यानचंद क्रीडा महाविद्यालय या तीन निवासी संस्थांत, तसेच राज्यातील क्रीडा वसतिगृहांत शालेय वयाच्या मुलांची निवड होते. वाराणसी, गाझीपूर, जौनपूर, बलिया या जिल्ह्यांतील होतकरू मुले बारा-तेराव्या वर्षीच घर सोडतात. पुण्याच्या बालेवाडीत १९९६ पासून क्रीडा प्रबोधिनीचा प्रयोग पाहिलेल्या महाराष्ट्रातील वाचकांना ही पद्धत परिचित आहे. प्रबोधिनीतून किंवा क्रीडा महाविद्यालयातून बारावी झालेला खेळाडू पुढे कोणत्या विद्यापीठात जाणार, येथून खऱ्या चढाओढीला प्रारंभ होतो.

विद्यापीठे वाढली, खेळाडू तेवढेच

भारतात विद्यापीठाचा संघ म्हणजे त्याच्याशी संलग्न असलेल्या सर्व महाविद्यालयांतून निवडलेला संघ होय. साहजिकच विद्यापीठाचे कार्यक्षेत्र जेवढे विस्तृत, तेवढी निवडीला अधिक संधी. गेल्या काही वर्षांत पूर्वांचलातील कार्यक्षेत्रांची पुन्हा पुन्हा विभागणी झाली.

बनारस हिंदू विद्यापीठ हे १९१६ साली पंडित मदनमोहन मालवीय यांच्या प्रयत्नांतून स्थापन झालेले केंद्रीय विद्यापीठ आहे. असहकार चळवळीच्या काळात, १९२१ मध्ये बाबू शिवप्रसाद गुप्त व डॉ. भगवान दास यांनी स्थापन केलेले काशी विद्यापीठ आज महात्मा गांधी काशी विद्यापीठ या नावाने राज्य विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. जौनपूर येथे १९८७ मध्ये पूर्वांचल विद्यापीठ स्थापन झाले. २०१६ मध्ये बलियात जननायक चंद्रशेखर विद्यापीठ आले. पुढे आझमगडमध्ये महाराजा सुहेलदेव विद्यापीठ आणि मिर्झापूर परिसरासाठी मां विंध्यवासिनी विद्यापीठ यांची भर पडली. बलियाची महाविद्यालये काशी विद्यापीठाकडून गेली, आझमगड व मऊची महाविद्यालये जौनपूरच्या विद्यापीठाकडून वेगळी झाली.

उच्च शिक्षणाच्या सोयीच्या दृष्टीने ही विभागणी योग्यच म्हणावी लागेल. एका प्रमाणपत्रासाठी शंभर किलोमीटरचा प्रवास करावा लागणाऱ्या विद्यार्थ्याला जवळचे विद्यापीठ हा मोठाच दिलासा असतो. क्रीडाक्षेत्रात मात्र तिचा परिणाम उलट झाला. पूर्वी दोन-तीन संघांत सामावणारे खेळाडू आता पाच-सहा संघांत विभागले जातात. नव्या विद्यापीठांना स्वतःचे क्रीडा संचालक, प्रशिक्षक, मैदाने आणि प्रवासखर्चाची तरतूद शून्यातून उभी करावी लागते. अशा वेळी शेजारच्या विद्यापीठाचा तयार खेळाडू आपल्या महाविद्यालयात प्रवेश घेईल, यासाठी प्रयत्न करणे हाच सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो.

महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाही. २००४ मध्ये सोलापूर विद्यापीठ कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठापासून वेगळे झाले, तर २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ नागपूर विद्यापीठापासून. कार्यक्षेत्र बदलले की तालमीतला मल्ल तोच राहतो, परंतु त्याच्या छातीवरचे नाव बदलते.

प्रवेशाच्या दोन वाटा

या चढाओढीत सर्व स्पर्धक एकाच रेषेवरून धावत नाहीत. बनारस हिंदू विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांत २०२२ पासून पदवी प्रवेशासाठी सामायिक विद्यापीठ प्रवेश परीक्षा लागू झाली. खेळाडूंसाठी स्वतंत्र जागा व चाचण्यांची तरतूद असली, तरी केंद्रीय विद्यापीठाला ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर जाऊन एखाद्या खेळाडूस प्रवेश देणे सोपे नसते. सराव शिबिरात असलेल्या किंवा राष्ट्रीय स्पर्धेसाठी परगावी गेलेल्या मुलाची परीक्षा हुकली, तर त्याचे वर्ष वाया जाण्याचा धोका असतो.

खासगी विद्यापीठांपुढे ही अडचण नाही. शुल्कमाफी, वसतिगृह, भोजन, प्रशिक्षक आणि हजेरीत सवलत असा संपूर्ण प्रस्ताव घेऊन ती थेट खेळाडूकडे जाऊ शकतात. पंजाबातील घडामोडी या दृष्टीने उद्बोधक आहेत. विद्यापीठीय क्रीडाक्षेत्रातील सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या मौलाना अबुल कलाम आझाद करंडकावर अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने वीसहून अधिक वेळा नाव कोरले आहे. या करंडकासाठी त्याची पारंपरिक स्पर्धा होती ती पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाशी आणि चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाशी. २०२३ च्या पुरस्कारांतही अमृतसरचे विद्यापीठच पहिले आले, मात्र फगवाड्याचे लव्हली प्रोफेशनल विद्यापीठ दुसऱ्या स्थानी होते. २०२४ च्या पुरस्कारांत मोहाली जिल्ह्यातील घडूआँ येथील खासगी चंदीगड विद्यापीठ पहिले, लव्हली प्रोफेशनल दुसरे आणि अमृतसर तिसरे असा क्रम लागला. एका वर्षात झालेला हा बदल पुरेसा बोलका आहे. २००५ व २०१२ साली अस्तित्वात आलेल्या दोन खासगी संस्थांनी १९६९ साली स्थापन झालेल्या शासकीय विद्यापीठास मागे टाकले.

या संस्थांनी निवडीसाठी राज्याची सीमा पाळली नाही. हरियाणातील पानिपत जिल्ह्याचा नीरज चोप्रा चंदीगडच्या डीएव्ही महाविद्यालयानंतर लव्हली प्रोफेशनल विद्यापीठाचा विद्यार्थी झाला. टोकियोतील पदकविजेत्या हॉकी संघातील अनेक खेळाडूंची नावेही याच विद्यापीठाशी जोडलेली होती. पंजाबातील पाच मोठी विद्यापीठे आपापसात स्पर्धा करताना शेजारच्या राज्यांतील खेळाडूही आपल्याकडे ओढतात आणि त्याची झळ वाराणसीपर्यंत पोहोचते.

यात खेळाडूचा दोष नाही. ज्याच्या घरी दोन वेळच्या जेवणाची विवंचना आहे, अशा मुलाला कोणी मोफत शिक्षण, पौष्टिक आहार आणि कृत्रिम हिरवळीचे मैदान देत असेल, तर गावाच्या विद्यापीठावरील निष्ठेपोटी त्याने ते नाकारावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून आंतरराष्ट्रीय हॉकी कृत्रिम मैदानावर खेळली जाते. मातीच्या मैदानावर कितीही कौशल्य मिळवले, तरी पुढच्या निवडीसाठी या मैदानाचा सराव अपरिहार्य आहे.

नोकरी हा तिसरा स्पर्धक

विद्यापीठांची रस्सीखेच आपसांत असली, तरी दोरीला आणखी एक हात लागलेला आहे. तो म्हणजे नोकरी देणाऱ्या संस्थांचा. रेल्वे, सेनादले, पोलीस आणि सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्या अठरा-एकोणिसाव्या वर्षीच गुणी खेळाडू हेरतात. मोहम्मद शाहिद यांनी आपली कारकीर्द वाराणसीतच रेल्वेच्या सेवेत घालवली. ललित उपाध्याय उत्तर प्रदेश पोलिसांत उपअधीक्षक झाले. पूर्वांचलातील सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने खेळाचे सर्वांत मोठे पारितोषिक म्हणजे शासकीय नोकरी हेच आहे, आणि पदवीपेक्षा ती आधी मिळत असेल, तर पदवी मागे पडते.

परिणामी विद्यापीठाकडे येणारा खेळाडू बहुधा दोन प्रकारचा असतो. एक, ज्याला अद्याप नोकरी मिळालेली नाही असा. दुसरा, ज्याला आंतरविद्यापीठीय स्पर्धेचे प्रमाणपत्र नोकरीसाठी हवे आहे असा. दोघांचेही लक्ष वर्गाबाहेर असते. पंचवीस वर्षांच्या वयोमर्यादेत जितकी वर्षे खेळता येईल तितकी खेळावीत, यासाठी एकामागून एक अभ्यासक्रमांना प्रवेश घेतले जातात. गुडघा किंवा खांदा दुखावला, संघातून नाव वगळले गेले, की अशा तरुणाच्या हाती पदक नसते, नोकरी नसते आणि उपयोगी पडेल असे शिक्षणही नसते. खेळाडूंच्या पळवापळवीची खरी किंमत मोजावी लागते ती त्यालाच.

केंद्र शासनाच्या खेलो इंडिया योजनेने यावर काही प्रमाणात उपाय केला आहे. निवड झालेल्या खेळाडूमागे वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद ठरवण्यात आली, त्यांपैकी १ लाख २० हजार रुपये हाताखर्चासाठी थेट खेळाडूला देण्याची व्यवस्था झाली. तथापि ही निवड मोजक्यांचीच होते. जिल्हा पातळीवर चमकलेला, परंतु राष्ट्रीय यादीत न आलेला खेळाडू अखेर विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या आशेवरच राहतो.

अमेरिकेतील चित्र

एकाच राज्यातील दोन विद्यापीठांनी मोजक्या खेळाडूंसाठी झगडणे ही गोष्ट अमेरिकेत जुनी आहे. अलाबामा राज्यातील अलाबामा व ऑबर्न या दोन विद्यापीठांचे अमेरिकन फुटबॉलमधील वैर सर्वश्रुत आहे. शाळेत शिकणाऱ्या खेळाडूला आपल्याकडे वळवण्यासाठी तेथे मुख्य प्रशिक्षक स्वतः त्याच्या घरी जातात. तेथे या चढाओढीला दीर्घकाळ शिष्यवृत्तींच्या संख्येची मर्यादा होती. सर्वोच्च गटातील फुटबॉल संघाला ८५ शिष्यवृत्त्यांची मुभा असे. त्यामुळे एकाच श्रीमंत संस्थेने राज्यातील सर्व खेळाडू गोळा करून ठेवावेत, असे घडू शकत नव्हते. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावलौकिकावर जाहिरातींतून पैसे मिळवण्यास परवानगी मिळाली आणि २०२५ पासून विद्यापीठांनी त्यांना थेट मोबदला देण्याचा मार्गही मोकळा झाला. त्याच वेळी शिष्यवृत्तीवरील जुनी मर्यादा जाऊन संघात १०५ खेळाडू अशी नवी मर्यादा आली.

अमेरिकेतील पैशांचा ओघ भारतात नाही आणि तो यावा असेही कोणी म्हणणार नाही. मात्र तेथील अनुभवातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. चढाओढ थांबवता येत नाही, तिला नियमांची चौकट घालता येते.

नावात काशी

फुटबॉलचे उदाहरण वाराणसीतही आहे. २०२३ मध्ये स्थापन झालेल्या इंटर काशी या व्यावसायिक क्लबने आय-लीगमध्ये प्रवेश केला. २०२४-२५ च्या हंगामाचे विजेतेपद आरंभी गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला बहाल करण्यात आले होते. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने इंटर काशीला विजेते ठरवले आणि इंडियन सुपर लीगचे दार त्यांच्यासाठी उघडले. या हंगामातील घरचे सामने हा क्लब पश्चिम बंगालमधील कल्याणी येथे खेळला. काशीचे नाव देशभर गेले, परंतु काशीतील मुलांना आपल्या शहराच्या संघाचा सामना आपल्या शहरात पाहता आला नाही. खेळाडू बाहेरून आणून विजेतेपद मिळवता येते. मात्र स्थानिक मैदानावर नवे खेळाडू तयार होण्यासाठी त्याहून वेगळे आणि दीर्घ मुदतीचे काम करावे लागते.

त्या दिशेने काही पावले पडली आहेत. सिगरा येथील जुन्या संपूर्णानंद स्टेडियमचा कायापालट होऊन ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या संकुलाच्या पुढील टप्प्यांचे उद्घाटन झाले. मेरठजवळ मेजर ध्यानचंद क्रीडा विद्यापीठाची पायाभरणी जानेवारी २०२२ मध्ये झाली. आणखी एक विद्यापीठ म्हणजे खेळाडूंवर हक्क सांगणारा आणखी एक दावेदार, असा याचा अर्थ होऊ नये, एवढी दक्षता घ्यावी लागेल.

श्रेयाची वाटणी

आजच्या गुणपद्धतीत आंतरविद्यापीठीय पदकाचे सर्व गुण ज्या विद्यापीठाच्या नावाने खेळाडू उतरतो, त्याच्याच खात्यात जमा होतात. त्याला घडवणारे महाविद्यालय, गावातील आखाडा, जिल्ह्याचे क्रीडा वसतिगृह यांचा कोठेही उल्लेख नसतो. त्यामुळे घडवण्यापेक्षा मिळवण्याकडे सर्वांचा कल राहतो.

जागतिक फुटबॉलमध्ये यावर तोडगा काढण्यात आला आहे. करार चालू असताना खेळाडू एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे गेला, तर मिळणाऱ्या रकमेतील पाच टक्के भाग वयाच्या १२ ते २३ वर्षांच्या काळात त्याला प्रशिक्षण देणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. विद्यापीठीय क्रीडाक्षेत्रात पैशांचा व्यवहार नसल्याने ही पद्धत जशीच्या तशी लागू होणार नाही. गुणांच्या रूपाने मात्र ती आणता येईल. खेळाडूने पदक मिळवल्यास त्याच्या पूर्वीच्या विद्यापीठाला वा क्रीडा वसतिगृहाला गुणांचा ठरावीक अंश मिळाला आणि त्या गुणांशी अनुदान जोडले गेले, तर करमपूरसारख्या मैदानांना आणि छोट्या महाविद्यालयांना आपले श्रम वाया गेल्याची भावना राहणार नाही.

दुसरी गरज आहे ती शेजारच्या विद्यापीठांनी एकत्र येण्याची. वाराणसी, जौनपूर, बलिया, आझमगड व मिर्झापूर येथील विद्यापीठांनी सरावाची मैदाने, प्रशिक्षक व क्रीडावैद्यक सुविधा एकत्रितपणे वापरल्यास प्रत्येकाला स्वतंत्र कृत्रिम मैदान उभारण्याची आवश्यकता राहणार नाही. संघ वेगळे राहतील, स्पर्धाही राहील. खेळाडूला मात्र केवळ सोयींसाठी घर सोडून सहाशे मैल दूर जावे लागणार नाही.

तिसरी बाब शिक्षणाची. क्रीडा कोट्यातून प्रवेश दिलेल्या किती विद्यार्थ्यांनी पदवी पूर्ण केली, याची नोंद प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी जाहीर करावी आणि दुखापत झालेल्या खेळाडूची शुल्कमाफी त्याचा अभ्यासक्रम संपेपर्यंत कायम ठेवावी, असे बंधन घालणे कठीण नाही. पदकतालिकेइतकीच ही यादीही महत्त्वाची मानली गेली, तर पालकांना विद्यापीठ निवडताना नेमके काय पाहावे, हे कळू शकेल.

महाराष्ट्रातील विद्यापीठांनाही हा प्रश्न दूरचा वाटू नये. २०२० मध्ये भुवनेश्वर येथे झालेल्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने पंजाब विद्यापीठाइतकीच, म्हणजे १७ सुवर्णपदके जिंकली होती. केवळ रौप्यपदकांच्या संख्येमुळे पुण्याला दुसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले. त्यानंतरच्या काळात खासगी विद्यापीठांचा जोर वाढला आहे. पुणे, मुंबई, कोल्हापूर येथील शासकीय विद्यापीठांपुढेही येत्या काही वर्षांत वाराणसीसारखीच परिस्थिती उभी राहू शकते.

उदय प्रताप कॉलेजच्या किंवा करमपूरच्या मैदानावर आज पहाटे सराव करणारा चौदा वर्षांचा मुलगा आणखी चार वर्षांनी कोणत्या विद्यापीठाच्या नावाने खेळेल, याला राष्ट्रीय दृष्टीने फारसे महत्त्व नाही. तो तोपर्यंत खेळात टिकतो का, आणि खेळ सुटला तर त्याच्या हाती काय उरते, यावरून या साऱ्या चढाओढीचे मूल्यमापन करावे लागेल.